50 हजार व्होल्ट, एक मिनिट

विजेच्या खांबाजवळ बकेट ट्रक उभा दिसला की नजर आपोआप वर जाते. उलगडत गेलेला लांब बूम, त्याच्या टोकाला बकेट, आणि बकेटमध्ये कमरेपर्यंत दिसणारा माणूस. अमेरिकेत हे दृश्य रोजचं आहे. तिथल्या ग्रामीण वितरण वाहिन्यांवर फेज आणि जमीन यांच्यामध्ये साधारणपणे 7,200 व्होल्ट असतात, आणि तो माणूस वाहिनी बंद न करता तिच्यावर काम करत असतो. त्याच्या हातांत रबरी हातमोजे, त्यांच्यावर चामड्याचे मोजे, खांद्यापर्यंत रबरी बाह्या, शेजारच्या तारांवर टाकलेली रबरी आच्छादनं, हे सगळं खालून दिसतं. दिसत नाही ती बकेटच्या आत बसवलेली दुसरी बकेट. ती पॉलिइथिलीनची असते आणि तिची भिंत अर्धा इंचही जाड नसते. तिला लायनर म्हणतात. माणूस प्रत्यक्षात उभा असतो तो या लायनरमध्ये.

बाहेरची बकेट फायबरग्लासची असते, म्हणून तीच माणसाला वाचवते असा समज सहज होतो. तो चुकीचा आहे. बाहेरच्या बकेटचं काम माणसाचं वजन पेलण्याचं. तिच्यावर धूळ बसते, चिखल उडतो, ओरखडे पडतात, खिळे-बोल्टांनी तिला कंस आणि पायऱ्या जोडलेल्या असतात. विजेच्या दृष्टीने तिच्यावर भरवसा ठेवायचा नसतो. तो भरवसा लायनरवर ठेवलेला असतो, आणि लायनर त्याला पात्र आहे की नाही हे डोळ्यांनी पाहून कळत नाही. त्यासाठी चाचणी लागते. ही चाचणी वर्षानुवर्षं पाण्यात होत आली. आता ती पाण्याविना करण्याची उपकरणं आली आहेत. बदल छोटा वाटेल, पण सुरक्षिततेचं सामान कागदावर तपासलं जाणं आणि खरोखर तपासलं जाणं यांतलं अंतर कसं मिटतं, किंवा मिटल्यासारखं वाटतं, ते या एका बदलात फार स्वच्छ दिसतं. म्हणून त्यावर इतकं लिहावंसं वाटलं.

आधी लायनर नेमका कशापासून वाचवतो ते पाहू.

बकेट ट्रकच्या वरच्या बूमचा मोठा भाग फायबरग्लासचा असतो. माणसाचा हात चुकून जिवंत तारेला लागला, तरी प्रवाह बूममधून ट्रकपर्यंत आणि ट्रकमधून जमिनीत जाऊ नये, हे त्या भागाचं काम. खालच्या बूममध्येही बऱ्याच ट्रकांना असाच एक रोधक तुकडा बसवतात, खाली जमिनीवर उभ्या असलेल्यांसाठी. इतकं सगळं असताना लायनर कशाला? कारण बूमच्या अगदी टोकाला, बकेट जिथे टांगलेली असते तिथे, पुन्हा लोखंड असतं. बकेट सरळ ठेवणारी यंत्रणा, बकेट फिरवणारा भाग, हायड्रॉलिकचे सांधे. समजा माणसाचा हात एका फेजला लागला आणि त्याच क्षणी बूमचं हे धातूचं टोक खांबाच्या ताणतारेला, न्यूट्रलला किंवा दुसऱ्या फेजला टेकलं. आता प्रवाहाला ट्रकपर्यंत जाण्याची गरजच उरली नाही. हातातून छाती, छातीतून पाय, पायांखालून बकेट, बकेटमधून टोकाचं लोखंड आणि तिथून समोरची तार, असा तीन-चार फुटांचा रस्ता तयार झाला. पंधरा-वीस फूट लांबीचा रोधक बूम या रस्त्यात कुठेच येत नाही. या रस्त्यात आडवी येते ती पायांखालची लायनरची भिंत, आणि तीही फक्त कमरेच्या खाली. लायनरच्या काठावरून वर आलेल्या शरीराला तिचा काही उपयोग नाही. तिथे हातमोजे, बाह्या आणि आच्छादनं.

म्हणजे ही साखळी आहे, आणि तिची प्रत्येक कडी वेगळ्या चुकीसाठी राखून ठेवलेली आहे. एक कडी तुटली तर बाकीच्या मजबूत आहेत हे समाधान इथे कामाचं नाही.

*

साखळीतली एकेक कडी माणसं गमावून जोडली गेली. 1891 मध्ये सेंट लुईस शहरात विद्युत कामगारांची जी संघटना उभी राहिली, आजची आयबीईडब्ल्यू, तिचा पहिला अध्यक्ष हेन्री मिलर हा स्वतः लाइनमन होता. संघटनेचं काम करत गावोगाव हिंडत असतानाही तो तारांवर काम करून पोट भरायचा. 1896 च्या जुलैमध्ये वॉशिंग्टन शहरात काम करताना त्याला शॉक बसला, तो वरून खाली पडला आणि त्यातच गेला. त्या काळी दर दोन लाइनमनांपैकी एक कामावरच मरायचा, असं त्या व्यवसायात आजही सांगितलं जातं.

पुढे 1913 च्या सुमारास इलिनॉय राज्यात टेलरव्हिल इथे लाकडी दांड्यांना हत्यारं बसवून जिवंत तारेवर दुरून काम करण्याची पद्धत सुरू झाली. लाकडाच्या जागी फायबरग्लासचे दांडे आले. 1950 च्या दशकात बकेट ट्रक आले, आणि माणूस खांबाला बिलगून राहण्याऐवजी तारेच्या शेजारी मोकळा उभा राहू लागला. हे मोकळेपण मोठं होतं. पण त्याने धोक्याची जागाही बदलली. खांबावर चढलेल्या माणसाला आपण कशाला टेकलो आहोत याचं भान असतं. बकेटमधला माणूस तारेत गुंतलेला असतो आणि त्याच्या मागे बूमचं टोक कुठे सरकलं, हे त्याला दिसेलच असं नाही.

या वाहनांसाठी अमेरिकेत एएनएसआय ए92.2 नावाचं मानक आहे. त्याची 1969 ची आवृत्ती तिथल्या कामगार-सुरक्षा कायद्याने, म्हणजे ओशाच्या नियमांनी, 1 जुलै 1975 पासून घेतलेल्या वाहनांना लागू केली. मानक पुढे अनेकदा सुधारलं गेलं. लायनरची कसोटी त्यात एका वाक्यात मावते: आतून-बाहेरून वाहक द्रव, 50 हजार व्होल्ट एसी, एक मिनिट, आणि लायनर फुटता कामा नये.

सात हजार व्होल्टच्या वाहिनीसाठी पन्नास हजारांची चाचणी कशाला, असं वाटेल. पण लायनर रोजच्या कामात ताण घेत नाही. तो वर्षभर नुसता उभा असतो. वाईट दिवस उजाडलाच, तर त्या दिवशी लायनर ओला असेल, त्याच्या तळाशी माती साचलेली असेल, उन्हाने प्लॅस्टिक कडक झालेलं असेल, आणि वाहिनीवर वीज पडल्यामुळे क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट दाब आलेला असेल. त्या दिवसासाठी शिल्लक ठेवायची असते.

लायनर बिघडतात ते बहुधा साध्या कारणांनी. खांबावर चढण्यासाठी बुटांना लावलेले लोखंडी आकडे घालूनच कोणी बकेटमध्ये शिरतो. खिशातला बोल्ट तळाशी पडतो आणि दिवसभर बुटाखाली घासला जातो. तारेचे कापलेले टोकदार तुकडे, स्क्रू-ड्रायव्हर, चाकू लायनरमध्येच पडून असतात. लायनर आणि बाहेरची बकेट यांच्यामध्ये खडे अडकतात आणि वजन आलं की तळाला खालून टोचतात. यातून पडलेलं छिद्र सुईच्या टोकाएवढं असू शकतं. वर धूळ बसली की ते दिसत नाही.

*

सुईच्या टोकाएवढं छिद्र शोधायला पाण्यासारखं दुसरं काही नाही. आपल्याकडचा पंक्चरवाला ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवतो तो याच विश्वासाने. लायनरच्या चाचणीत पाणी आणखी एक गोष्ट करतं. ते फटीत शिरतं आणि स्वतःच वीज वाहून नेणारा धागा बनतं. शिवाय पाणी प्रत्येक कोपऱ्याला, प्रत्येक वळणाला, तळाच्या प्रत्येक उंचवट्याला सारखंच चिकटतं. दोन्ही बाजूंनी पाणी असलं की लायनरच्या भिंतीवर सगळीकडे एकसमान दाब पडतो. कुठलीही जागा सुटत नाही.

पद्धत अशी. लायनर बकेटमधून काढायचा, धुवायचा, टाकीत ठेवायचा. आत आणि बाहेर सारख्या पातळीवर पाणी भरायचं, काठाच्या सुमारे सहा इंच खालपर्यंत. हे सहा इंच महत्त्वाचे आहेत. पाणी काठापर्यंत भरलं तर ठिणगी भिंत फोडण्याऐवजी काठावरून उडी मारून पलीकडे जाईल. सहा इंच आतून आणि सहा बाहेरून, असा मिळून फूटभर कोरडा पृष्ठभाग ठिणगीला आडवा येतो. तो भाग पुसून खरोखर कोरडा असावा लागतो, नाहीतर चांगला लायनरही नापास ठरतो. मग आतल्या पाण्यात उच्च दाबाची तार सोडायची, बाहेरची टाकी अर्थ करायची, दाब हळूहळू चढवायचा आणि घड्याळाकडे बघत एक मिनिट थांबायचं.

आता पाण्याचा हिशेब करा. एका माणसासाठीची नेहमीची बकेट 24 इंच लांब, 24 इंच रुंद आणि 42 इंच खोल असते. काठाखाली सहा इंच सोडून ती भरायची म्हणजे आत सुमारे 340 लिटर पाणी. बाहेरच्या टाकीत आणखी दोन-तीनशे लिटर. एका लायनरसाठी अर्ध्या टनाहून जास्त पाणी, आणि दोन माणसांची बकेट असेल तर त्याच्या दुप्पट. ते भरायला वेळ, उपसायला वेळ, लायनर वाळवायला वेळ. ओला लायनर तसाच बकेटमध्ये बसवला की दोन्हींच्या मध्ये पाणी अडकून राहतं.

अमेरिकेत सुमारे 900 ग्रामीण वीज सहकारी संस्था आहेत. 1930 च्या दशकात खासगी कंपन्यांनी शेतांपर्यंत तारा न्यायला नकार दिला, तेव्हा शेतकऱ्यांनी सरकारी कर्ज घेऊन त्या उभ्या केल्या. श्रीरामपूरच्या मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेची आठवण असलेल्या नगर जिल्ह्यातल्या वाचकांना ही कल्पना परकी वाटणार नाही. ती संस्था 2011 मध्ये थांबली, पण तिच्यामागचा आदर्श हाच होता. अशा छोट्या संस्थेकडे मोजके बकेट ट्रक असतात आणि उच्च दाबाची प्रयोगशाळा नसते. वर्षातून एकदा चाचणी करणारी कंपनी आपली गाडी घेऊन संस्थेच्या आवारात येते आणि ट्रक एका ओळीत उभे करून तपासते. बूम तपासायला पाणी लागत नाही, त्यातून झिरपणारा प्रवाह मायक्रोअँपिअरमध्ये मोजला की झालं. अडतं ते लायनरपाशी. त्यासाठी टाकी, पाणी, पंप, लायनर उचलायला माणसं. मिनेसोटा किंवा नॉर्थ डकोटासारख्या राज्यात जानेवारीत पारा शून्याखाली 20 अंशांपर्यंत सहज उतरतो. तिथे उघड्या आवारात टाकी भरणं म्हणजे बर्फ गोठवणं. आणि त्याच दिवसांत बर्फाने तारा तुटतात, म्हणजे ट्रक त्याच दिवसांत सगळ्यांत जास्त लागतात.

जे काम अवघड असतं ते पुढे ढकललं जातं. बेपर्वाई नसतानाही हे होतं. ट्रक तीन तास अडकून पडणार असेल आणि चाळीस घरांत अंधार असेल, तर कोणताही फोरमन ट्रक बाहेर काढतो. म्हणून चाचणीची पद्धत सोपी करणं हा माझ्या मते सुरक्षिततेच्या गाभ्यातला भाग आहे. वर्षातून एकदा नक्की होणारी चाचणी ही कधीतरी होणाऱ्या आदर्श चाचणीपेक्षा माणसाला जास्त वाचवते.

*

पाण्याच्या जागी मग काय वापरायचं? लायनरच्या दोन्ही बाजूंना वीज वाहून नेणारं काहीतरी घट्ट टेकवायला हवं. वाहक कापडाची पिशवी आत ठेवून ती हवेने फुगवता येते. वाहक फोमचे ठोकळे आत दाबून बसवता येतात. बाहेरून धातूची जाळी किंवा पत्रा गुंडाळता येतो. किंवा धातूच्या तारांचा ब्रश भिंतीवरून इंच-इंच फिरवता येतो. ही शेवटची कल्पना तेलाच्या पाइपलाइनवरून आलेल्या लोकांना ओळखीची वाटेल. पाइपवरच्या लेपात कुठे छिद्र राहिलं आहे का, हे पाहायला तिथे उच्च दाबाचा ब्रश किंवा स्प्रिंग फिरवतात, आणि छिद्र आलं की ठिणगी पडते.

केबलच्या कारखान्यांनी हा प्रवास फार आधी केला. तारेवरचं प्लॅस्टिकचं आवरण सलग आहे का, हे पाहायला पूर्वी अख्खं वेटोळं पाण्यात बुडवून ठेवायचे. मग स्पार्क टेस्टर आले. धातूच्या मण्यांच्या साखळ्यांचा एक पडदा, त्याला उच्च दाब जोडलेला, आणि त्यातून तार वेगाने पळत जाते. आवरणात खोट आली की मणी आणि तांबं यांच्यामध्ये ठिणगी पडते आणि मोजणीयंत्र एक आकडा पुढे सरकतं. तरीही पाण्यातली चाचणी केबल उद्योगातून हद्दपार झाली नाही. कोरडी चाचणी उत्पादनाच्या वेगासाठी, पाण्याची चाचणी खात्रीसाठी, असं त्यांनी वाटून घेतलं. लायनरच्या बाबतीतही मला हीच वाटणी शहाणपणाची वाटते, आणि का ते जरा खोलात जाऊन सांगायला हवं.

लायनरची भिंत आठ मिलिमीटर धरू. पॉलिइथिलीनचा विद्युत-स्थिरांक सुमारे 2.3 आहे, हवेचा 1. एसी दाबाखाली ताण या प्रमाणात वाटला जातो, आणि हवेच्या वाट्याला जास्त येतो. आठ मिलिमीटर पॉलिइथिलीनची बरोबरी साडेतीन मिलिमीटर हवा करते. म्हणजे फोमचा ठोकळा भिंतीपासून फक्त साडेतीन मिलिमीटर सुटला, तर तिथे निम्मा दाब हवेतच संपतो. पन्नासपैकी पंचवीस हजार व्होल्ट साडेतीन मिलिमीटर हवेवर. हवा साधारणपणे मिलिमीटरला तीन हजार व्होल्टपर्यंत तग धरते, इथे तिच्यावर सात हजार आले. ती फुटते. फटीत बारीक ठिणग्या तडतडू लागतात, ओझोनचा वास येतो, मीटरचा काटा थरथरतो. पॉलिइथिलीनवर त्या जागी नेमका किती ताण पडला, हे मग कोणालाच सांगता येत नाही.

आणि अशी फट कुठे राहणार? कोपऱ्यात. तळ आणि भिंत जिथे मिळतात त्या वळणात. लायनर साच्यात फिरवून घडवतात, त्यामुळे वळणाच्या जागी भिंतीची जाडी कमी-जास्त होते. बुटांचा मार तिथेच बसतो, खडे तिथेच साचतात, चीर तिथूनच सुरू होते. जिथे लायनर सगळ्यांत कमजोर, नेमकी तिथेच कोरडी चाचणी सगळ्यांत कच्ची. यावर उपाय नाही असं नाही, पण हा प्रश्न विचारल्याशिवाय कोणी कोरडं उपकरण विकत घेऊ नये.

कोरड्या पद्धतीच्या बाजूनेही एक भक्कम मुद्दा आहे. आरपार छिद्र असेल तर ते शोधायला पाणी लागतच नाही. आठ मिलिमीटर लांबीची हवेची नळी फोडायला पंचवीस हजार व्होल्टच्या आसपास पुरतात, आणि 50 हजार व्होल्ट एसीचं शिखर 70 हजारांवर जातं. इलेक्ट्रोड छिद्राच्या तोंडाशी पोचलेला असेल तर ठिणगी पडणारच. प्रश्न पुन्हा तोच, इलेक्ट्रोड तिथपर्यंत पोचला का?

याचं उत्तर चाचणीच्याच आकड्यांत दडलेलं असतं, आणि मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. लायनर हा विजेच्या भाषेत एक मोठा कपॅसिटर आहे. वर दिलेल्या मापाच्या लायनरचं पाण्याखाली येणारं क्षेत्रफळ अडीच चौरस मीटरच्या आसपास भरतं. त्यावरून अमेरिकेच्या 60 हर्ट्झला, 50 हजार व्होल्टवर, सव्वाशे मिलिअँपिअरच्या जवळपास प्रवाह वाहायला हवा. हा प्रवाह गळतीचा नसतो, लायनर धडधाकट असतानाही तो असतोच, आणि तो इलेक्ट्रोडने किती क्षेत्र व्यापलं त्यावर ठरतो. तेव्हा एखादा लायनर आधी पाण्यात तपासून त्याचा प्रवाह लिहून ठेवायचा. नंतर तोच लायनर कोरड्या पद्धतीने तपासताना प्रवाह निम्माच दिसला, तर निम्मं क्षेत्र तपासलंच गेलेलं नाही. पास असा शिक्का मारण्याआधी हा आकडा नोंदवहीत आला पाहिजे. लायनर फुटला नाही एवढंच लिहिणारी नोंदवही अपुरी आहे.

याच सव्वाशे मिलिअँपिअरमुळे एसी चाचणीचं यंत्र जड होतं, सहा केव्हीएच्या पुढचं. आणि यातला अर्धा प्रवाहही छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडवायला पुरतो, म्हणून चाचणीच्या जागेभोवती दोरी बांधलेली असते. डीसी दाब वापरला तर यंत्र हलकं होतं, कारण एकदा लायनर भारला की प्रवाह जवळजवळ थांबतो. पण मग वर सांगितलेला क्षेत्राचा आकडाही हातातून जातो. शिवाय पॉलिइथिलीन आपल्या पृष्ठभागावर भार धरून ठेवतं, दाब काढल्यावरही. अर्थ केलेला दांडा टेकवून तो भार उतरवल्याशिवाय लायनरला हात लावायचा नसतो.

खरी पारख मात्र एकच. निकामी झालेले लायनर घ्यावेत. कोणाच्या कोपऱ्यात, कोणाच्या तळाशी, कोणाच्या भिंतीत एक मिलिमीटरचं छिद्र पाडावं. एखाद्याला आरपार न जाणारी चीर द्यावी. मग ते दोन वेगळ्या तंत्रज्ञांकडे द्यावेत, एकाकडे पाण्याची टाकी, दुसऱ्याकडे कोरडं उपकरण, आणि छिद्रं कुठे आहेत ते दोघांनाही सांगू नये. कोरड्या उपकरणाने पाण्याइतकीच छिद्रं पकडली तर त्याला मान्यता द्यावी. विक्रेत्याच्या चकचकीत पत्रकावर ती देऊ नये.

*

महाराष्ट्रात हा विषय कुठे येतो? थेट लायनरपुरता फार थोडा. आपल्याकडे 11, 22 आणि 33 केव्हीच्या वाहिन्यांवरचं बहुतेक काम शटडाऊन घेऊन होतं. परमिट घ्यायचं, एबी स्विच उघडायचा, वाहिनी मेली आहे याची खात्री करायची, डिस्चार्ज रॉड लावायचा, मग शिडी किंवा झुला. जिवंत वाहिनीवर काम करणारी हॉटलाइन पथकं आहेत, पण ती मुख्यतः महापारेषणसारख्या पारेषण कंपन्यांत. त्यांचं प्रशिक्षण बंगळूरुच्या हॉट लाइन ट्रेनिंग सेंटरमध्ये होतं. तिथल्या बेअरहँड पद्धतीत तर सगळं उलट असतं. माणूस वीज वाहणारा पोशाख घालून स्वतःच तारेच्या दाबावर जातो. अशा कामाच्या बकेटमध्ये लायनरही वाहक असतो, रोधक नाही. एकाच्या जागी दुसरा बसवणं म्हणजे मृत्यू.

पण चाचणीचा प्रश्न आपला आहेच. महावितरण आपल्या लाइनमनला जनमित्र म्हणतं. जवळजवळ तीन कोटी ग्राहकांच्या घरातला दिवा या लोकांच्या हातांवर चालतो, त्यांत कायम नोकरीतले आहेत, बाह्यस्रोताचे कंत्राटी आहेत, आणि अलीकडे महिलाही आहेत. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, हजारो खांब पडले, आणि श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड, दापोलीच्या वाड्यांत वीज परत न्यायला ही माणसं पुढचे कित्येक दिवस चिखलात उभी होती. शटडाऊन घेतलेली वाहिनीही त्यांच्यावर उलटते. कुठल्यातरी मंगल कार्यालयाचा जनरेटर चुकीचा जोडलेला असतो, कुठे दुसऱ्या फीडरची तार वाऱ्याने येऊन टेकते, आणि मेलेली म्हणून हातात घेतलेली तार जिवंत होते. त्या क्षणी हातमोजा चांगला हवा.

देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी बारा-तेरा हजार माणसं मरतात, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल सांगतात. त्यांत बहुसंख्य सामान्य नागरिक, शेतकरी, घरातली मुलं आहेत. पण त्यांत लाइनमनही आहेत, आणि त्यांचा मृत्यू हा कामावरचा, टाळता येण्यासारखा मृत्यू आहे.

नियम आपल्याकडेही आहेत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांची 2010 ची आवृत्ती होती, तिच्या जागी 2023 ची आली. वाहिनीवर काम करणाऱ्याला हातमोजे, रबरी बूट, सेफ्टी बेल्ट, शिडी, अर्थिंगची साधनं, हेल्मेट, लाइन टेस्टर दिले पाहिजेत, आणि ते चांगल्या, चालू स्थितीत ठेवले पाहिजेत, असं 2010 च्या विनियमांतच स्पष्ट लिहिलेलं होतं. विद्युत कामाच्या रबरी हातमोज्यांसाठी भारतीय मानकही आहे, आयएस 4770. चालू स्थितीत ठेवणं हे शब्द वाचायला सोपे आहेत. अमेरिकेत ओशाच्या नियमात त्याचा अर्थ ठरवून दिला आहे. रबरी हातमोजा पहिल्यांदा हातात देण्याआधी आणि त्यानंतर दर सहा महिन्यांनी विजेच्या दाबाखाली तपासायचा, बाह्या दर बारा महिन्यांनी, दुरून काम करण्याचे दांडे दर दोन वर्षांनी. शिवाय दर दिवशी कामाला हात घालण्याआधी मोजा डोळ्यांनी पाहायचा, त्यात हवा कोंडून दाबायचा आणि कुठून सुस्कारा येतो का ते ऐकायचं. 17 हजार व्होल्टपर्यंतच्या कामाचा, त्यांच्या दुसऱ्या वर्गाचा मोजा 20 हजार व्होल्टवर तपासतात, आणि मोज्यावरच्या पिवळ्या पट्टीवरून कोणालाही कळतं की तो कोणत्या दाबासाठी आहे.

आपल्या जनमित्राच्या स्कूटरच्या डिकीत, पक्कड, टेस्टर आणि फ्यूज-वायरच्या शेजारी दुमडून ठेवलेला मोजा मी पाहिला आहे. बहुतेक वाचकांनीही पाहिला असेल. रबर दुमडलं की घडीवर चिरतं. डिकीतली उष्णता त्याला म्हातारं करते. तो मोजा शेवटचा कधी तपासला, हे त्या माणसालाही सांगता यायला हवं, आणि ते त्याने लक्षात ठेवायची गरज नसावी. ते मोज्यावरच छापलेलं असावं.

अमेरिकेतले लोक पाच-सहाशे लिटर पाण्याची अडचण दूर करायला नवी उपकरणं बनवत आहेत, आणि त्यांना लायनरच्या कोपऱ्यातल्या साडेतीन मिलिमीटर हवेचाही हिशेब मांडावा लागतो. हातमोज्याची चाचणीही पाण्यातच होते, आत पाणी, बाहेर पाणी, आणि मध्ये रबर. पण तिला टाकी लागत नाही, बादलीभर पाणी पुरतं. थंडीने ते गोठण्याची भीती इथे नाही. एका छोट्या गाडीत उच्च दाबाचं यंत्र आणि पाण्याचं भांडं बसवून महावितरणच्या प्रत्येक मंडळात ती वर्षातून दोनदा फिरवता येईल. उपविभागात गाडी आली की सगळे मोजे जमा, चाचणी, तारखेचा शिक्का, नापास मोजा तिथेच कापून टाकायचा म्हणजे तो परत कोणाच्या डिकीत जाणार नाही. कंत्राटदाराच्या कामगाराचा मोजाही त्याच गाडीत, त्याच शिक्क्याखाली.

वीज कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना, कामगार संघटनांना आणि विद्युत निरीक्षकांना एवढंच सांगणं आहे: पुढच्या पावसाळ्याआधी प्रत्येक हातमोज्यावर चाचणीची तारीख छापा, आणि ती तारीख उलटली असेल तर शटडाऊनचं परमिट हातात असतानाही खांबावर चढायला नकार देण्याचा अधिकार जनमित्राला लेखी द्या.